नवरा ठणठणीत असताना

टोकियोतल्या फुनाबोरीत हुशार माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. स्टेशनच्या दोन्ही अंगांना पुण्या-मुंबईचे इतके इंजिनिअर राहायला आले होते, की रविवारी भाजी घ्यायला बाहेर पडलं तर अर्धं कोथरूड भेटायचं. या मंडळींची एक खोड मी पुष्कळ वर्षं बघत आले आहे. नियम समोर आला, की तो पाळायच्या आधी त्यांना त्यातली फट दिसते. वरद त्यांच्यातलाच. मुलगा सरळ, आईबापांना धरून असणारा, पण ही फट शोधायची सवय त्यालाही होती.

ही गोष्ट त्याच्या आईची, सुहासिनीकाकूंची. काकू कराडच्या. पन्नाशी कधीच उलटलेली, अंगाने बारीक, नाकासमोर चालणारी बाई. जून महिन्यात सुनेच्या बाळंतपणासाठी टोकियोला आल्या, जुलैत ओजस झाला. दोन हजार सात सालची गोष्ट. महिन्याभरात त्यांनी कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा ते पाठ केलं, जे माझ्या नवऱ्याला अजून जमलेलं नाही. जपानी शब्द एक येत नव्हता, तरी खालच्या मजल्यावरची म्हातारी त्यांच्याशी रोज दहा मिनिटं बोलायची आणि दोघींना सगळं समजायचं.

मी ज्योत्स्ना. पुण्यात जपानी शिकले होते, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि दुभाष्याचं अर्धवेळ काम करू लागले. त्याला इथे बाइतो म्हणतात. आपल्या बायकांना डॉक्टरकडे न्यायचं, शाळेच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या, घरमालकाशी भांडायचं. वरदने मला गाठलं ते त्यामुळेच.

अडचण अशी होती. आजी-आजोबांना जपानचा व्हिसा मिळतो तो पाहुण्याचा, नव्वद दिवसांचा. काकूंना एकदा मुदत वाढवून मिळाली, तीही डिसेंबरात संपत आली. इकडे वरदच्या बायकोला, सलोनीला, जानेवारीपासून एका चांगल्या कंपनीत नोकरी लागली होती. पुण्यातली नोकरी सोडून ती नवऱ्यामागे आलेली, त्यात मूल झालं, त्यामुळे ही नोकरी तिने जिवापाड मेहनतीने मिळवली होती. पण ओजसला सरकारी पाळणाघरात, होइकुएनमध्ये, जागा मिळाली तर ती एप्रिलातच मिळणार. इथे मुलं एप्रिलात घेतात. जानेवारी ते एप्रिल ही फट बुजवायला वरदकडे एकच माणूस होतं, ते म्हणजे आई.

म्हणून त्याने बेत काढला. आईला चार दिवस चीनला पाठवायचं, तिथल्या जपानी वकिलातीत नव्या व्हिसाचा अर्ज करायचा आणि परत आणायचं. त्याच्या ऑफिसातल्या कुणा कोरियन माणसाच्या सासूने असं केलं होतं म्हणे. कोरियातल्या सासूला आणि कराडच्या सासूला एकच नियम लागतो का, हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अर्जासाठी जपानी बोलणारं कुणी हवं म्हणून तो मलाच काकूंबरोबर पाठवत होता, आणि आयता चीन बघायला मिळतोय म्हणून मी गप्प बसले.

"ताई, माझा सोमवारी रिलीज आहे, मला हलताच येणार नाही," वरद म्हणाला. "सुझौला आमच्या कंपनीचे लोक उतरतात ते हॉटेल बुक करतो. शांघायपासून ट्रेनने जवळ आहे. आईलाही जरा चेंज मिळेल. जुनं शहर आहे, बागाबिगा आहेत."

काकू शेजारीच ओजसला खांद्यावर घेऊन थोपटत होत्या.

दुधापेक्षा दुधावरच्या सायीला जपावं, अशी म्हण आहे. फुनाबोरीत आलेल्या प्रत्येक आजीला कुणी ना कुणी ती ऐकवतंच. ही म्हण एखाद्या आजीने केली असेल असं मला वाटत नाही. सायीला जपणाऱ्या बाईचा दुपारी डोळा लागत नाही, हे म्हण करणाऱ्याला ठाऊक नसावं. निघायच्या दिवशी काकूंनी झोपलेल्या ओजसच्या तळपायांना हात लावला, "चार दिवसांत येते हं," असं त्याला सांगितलं आणि एक लहान बॅग घेऊन निघाल्या. बाकी सगळं सामान टोकियोतच राहिलं.

सुझौचं हॉटेल मला आवडलं. पंचतारांकित नव्हे, पण धर्मशाळाही नव्हे. खाली काचेच्या टाकीत केशरी मासे, कोपऱ्यात प्लास्टिकचं ख्रिसमसचं झाड, आणि गणवेशाच्या आत दोन-दोन स्वेटर घातलेल्या स्वागताच्या मुली. नावाच्या पाटीवर चार अक्षरं होती. जपानीत तीच चिनी अक्षरं वापरतात, त्यामुळे मला अर्थ लागत होता. काहीतरी बाग, काहीतरी शांतता. उच्चार मात्र येत नव्हता. चीनमध्ये सगळीकडे माझं हेच झालं, की पाटी समजायची आणि माणूस समजायचा नाही. मग मी कागदावर अक्षरं लिहून दाखवायचे आणि त्या मुली खाली उत्तर लिहायच्या.

खोलीत दोन मोठे पलंग, पांढऱ्याशुभ्र जाड रजया, चहाची किटली, मोगऱ्याच्या वासाच्या चहाच्या पुड्या, कागदात गुंडाळलेल्या सपाता. खिडकीखाली कालवा होता. त्यावर दगडी पूल आणि पलीकडच्या घरांच्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. थंडी बोचरी होती, पण भिंतीवरच्या यंत्रातून गरम वारा येत होता.

"दोघींना एवढी खोली?" काकूंनी विचारलं. फुनाबोरीच्या दोन खोल्यांत त्या ओजसला घेऊन चटईवर गादी घालून झोपायच्या आणि सकाळी ती गुंडाळून कपाटात ठेवायच्या. इथल्या पलंगावर त्या कोट घालूनच टेकल्या, मी चहा करून वळते तो त्यांना झोप लागली होती. दुपारचे चार वाजले असतील. संध्याकाळी एकदा उठून बसल्या आणि रजईवर हात फिरवून काहीतरी शोधायला लागल्या.

"ओजस टोकियोत आहे, काकू."

"हो की," म्हणून त्या परत आडव्या झाल्या, त्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच उठल्या. एखादं माणूस इतकं झोपतं तेव्हा ते किती दमलेलं असतं ते कळतं. सहा महिने रोज बघत होते मी त्यांना. फुनाबोरीच्या बागेत, बाबागाडीमागे, नेहमी हसतमुख. मला त्या दमलेल्या दिसल्या नव्हत्या.

सकाळी नाश्त्याला तांदळाची पेज होती, उकडलेले शेंगदाणे, लोणचं, आणि वाफेवरचे पांढरे गोळे, कळ्या न पाडलेल्या मोदकांसारखे. मी कागदावर "मांस नाही" असं लिहून दाखवल्यावर तिथल्या मुलीने पालेभाजीचे गोळे वेगळे काढून दिले. काकूंनी पेज तीनदा घेतली. "आयती पेज," एवढंच म्हणाल्या.

खोलीत येऊन त्यांनी दोन्ही पलंग स्वतः आवरले. मग झाडलोट करणारी बाई आली. तिने घातलेले पलंग बघितले, हसली, सगळं उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीने घालायला लागली. काकू मदतीला गेल्या तेव्हा तिने त्यांचं मनगट धरून त्यांना खुर्चीत बसवलं. आपला पलंग दुसरं कुणीतरी घालतंय हे काकू खुर्चीतून बघत राहिल्या. त्यांना ते आवडत होतं आणि आवडल्याचा संकोचही वाटत होता, दोन्ही चेहऱ्यावर दिसत होतं.

तो रविवार होता. आम्ही जवळची एक जुनी बाग बघून आलो. तळं, खडक, छपराखालची वळणावळणाची वाट, आणि बसायला जागोजागी ओटे. "यांना इथे बसायला आवडलं असतं," काकू म्हणाल्या. हे म्हणजे लक्ष्मणराव, वरदचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन कराडलाच असतात. टोकियोला आले नव्हते. मला तिथे बोलायला कोण आहे, असं म्हणाले होते.

दुपारी वरदचा फोन आला. "आई, तो बाटलीच घेत नाहीये. रात्रभर रडला. तू कसं पाजतेस?"

काकू ताडकन उभ्या राहिल्या. "आधी बाटली त्याच्या गालाला लाव. गरम आहे का ते त्याला कळू दे. मग उजव्या कुशीवर घे. आणि उभं राहून पाज, बसलास की त्याला आवडत नाही." फोनमधून ओजसचा आवाज येत होता, तो मलाही ऐकू येत होता. काकू फोन ठेवल्यावरही उभ्याच होत्या. रात्री जेवणावर त्यांचा हात चालला नाही.

जेवणानंतर त्यांनी कराडला फोन लावायचा म्हणून सांगितलं. खाली मत्स्यालयाशेजारी फोनची काचेची खोली होती. मी बाहेर सोफ्यावर बसले. टोकियोत कराडचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, सगळे भोवती बसायचे, नातवाचा आवाज ऐकवायचे, बोलायचं काय ते तेवढंच. इथे काकू एकट्या होत्या. दार नीट लागलेलं नव्हतं.

"गाठी झाल्या? पिठल्याच्या? मग पुरणयंत्रातून काढा," असं म्हणून काकू हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. पलीकडून काहीतरी उत्तर आलं, त्यावर आणखी हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. काचेतून माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी पाठ फिरवली. म्हातारा-म्हातारीचं काय एवढं गुळपीठ, असं माझ्या मनात आलं आणि मी टीव्ही बघायला लागले.

सोमवारी आम्ही शांघायला गेलो. वकिलातीतली खिडकीमागची बाई चाळिशीची होती, शांत, केस घट्ट बांधलेले. तिने कागद चाळले आणि सांगितलं, की ह्या चीनमध्ये राहत नाहीत, यांनी आपल्या देशातून अर्ज करायला हवा. म्हणजे जे मला वाटत होतं तेच. पण वरदने मला पढवून ठेवलं होतं. मी वाकून वाकून सांगितलं, बाळ पाच महिन्यांचं आहे, आई नोकरीला लागणार आहे, आजीशिवाय बाळ दूध घेत नाही. शेवटचं वाक्य तर आदल्या दिवसापासून खरंच होतं. ती बाई आत गेली, कुणाशी तरी बोलून आली आणि आम्हाला बाजूच्या टेबलाशी बसवलं.

"खास कारण असेल तर अर्ज वरिष्ठांपुढे ठेवता येईल. नक्की सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण अर्ज यांचा आहे, तुमचा नाही. मला यांच्याकडून ऐकायचं आहे. यांना स्वतःला जपानला परत जायची इच्छा आहे का?"

मी काकूंना विचारलं. नुसता उपचार म्हणून. जपानी "हो" माझ्या तोंडात तयारच होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या बाईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही."

त्यांना प्रश्न समजला नाही असं मला वाटलं. मी पुन्हा, सोपं करून विचारलं.

"ज्योत्स्ना, मला कळला प्रश्न. नाही म्हणून सांग तिला."

टेबलापलीकडची बाई पेन धरून थांबली होती. दुभाष्याचं काम करताना मी एक गोष्ट पाळत आले आहे, समोरचा जे बोलला ते सांगायचं, आपलं पदरचं घालायचं नाही. अंगावर वळ असताना नवऱ्याने मारलं नाही म्हणणाऱ्या बाईचं बोलणंही मी तसंच पोचवलं आहे. पण त्या दिवशी डोळ्यांसमोरून माणसं हलेनात. वरद दिसत होता, सलोनी दिसत होती. मी सांगितलं, "नाही म्हणतात."

त्या बाईने मान लववली. काही कारण आहे का, असं विचारलं.

"घरी हे एकटेच आहेत," काकू म्हणाल्या.

मी सांगितलं, यांचे यजमान घरी एकटे आहेत. आजारी आहेत का, असा प्रश्न आला.

"नाही," काकू म्हणाल्या. "ठणठणीत आहेत."

हेही मी सांगितलं. त्या बाईने काहीच लिहिलं नाही. सगळे कागद एकत्र केले आणि दोन्ही हातांनी काकूंना परत दिले.

परतीच्या ट्रेनमध्ये मला राग आला होता. चार महिन्यांचा तर प्रश्न होता. इतक्या लांब आणलं, मला वाकायला लावलं, आणि ऐन वेळी हे. "काकू, काका ठणठणीत आहेत ना?" मी विचारलं. "मग एवढी काय घाई आहे?"

"म्हणूनच गं," त्या म्हणाल्या. "ठणठणीत आहेत तोवरच जायचंय."

मग खिडकीबाहेर बघत बोलत राहिल्या. माझ्याकडे बघून त्यांना ते सांगता आलं नसतं. लग्न झालं तेव्हा घरात दोन दीर, नणंद, सासू-सासरे. मग मुलं, मुलांच्या परीक्षा. लक्ष्मणरावांची नोकरी धरणांवर, आज इथे उद्या तिथे, घरी यायचे ते पाहुण्यासारखे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं काकूंनी केलं. त्या गेल्या आणि त्याच वर्षी लक्ष्मणराव निवृत्त झाले. लग्नानंतर पहिल्यांदा घरात दोघंच उरली.

"आधी वाटलं, या माणसाशी दिवसभर बोलायचं तरी काय? ओळखच नव्हती म्हण ना. मग हळूहळू जमलं. संध्याकाळी संगमावर जायचं, बाकावर बसायचं, भेळ एकच घ्यायची दोघांत. घरी आलं की पत्ते. ते लबाडी करतात. मला कळतं, आणि मला कळतं हे त्यांनाही माहीत आहे." काकू थोडं हसल्या. "असं वर्षभर झालं असेल नसेल, तर वरदचा फोन. सून बाळंत होणार, आईनं नाही जायचं तर कुणी? गेले. आनंदानं गेले, खोटं कशाला सांगू. ओजस माझा जीव आहे. पण किती दिवस राहिलेत गं आमच्या दोघांचे? आजारी नवऱ्यासाठी बायकोला कुणीही सोडतं. धडधाकट नवऱ्यासाठी सोडा म्हणून कुणाला सांगायचं? लाज वाटते."

माझा राग तिथेच उतरला. सलोनीचं काय, हा प्रश्न जिभेवर आला होता. तो गिळला.

हॉटेलात पोचलो तेव्हा अंधार पडायला लागला होता. आता टोकियोला काय सांगायचं हा पेच होता. वकिलातीने नाही म्हटलं असं सांगू, मी सुचवलं, ते जवळजवळ खरंच आहे.

"मग तो दुसरी वकिलात शोधेल," काकू म्हणाल्या. "हुशार आहे तो."

हे खरं होतं. मग म्हटलं, काकांचं बीपी वाढलंय असं सांगा, कुणी काही बोलणार नाही. त्यावर काकू माझ्यावर पहिल्यांदा चिडल्या.

"तसलं बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणत असते. आणि ही तर परक्याची वास्तू, हिला आपली कसली माया?" मग किटलीतलं पाणी पेल्यात ओतत म्हणाल्या, "इतर खोटं बोलायला माझी हरकत नाही. हे खोटं नको."

म्हणजे खरं सांगण्याखेरीज काही उरलं नव्हतं. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून फोन लावायला सांगितला. मी बाहेर जाते म्हटलं तर माझा हात धरून ठेवला.

"काय झालं? घेतला का अर्ज?" वरदचा आवाज घाईत होता.

"मी परत घेतला अर्ज."

"म्हणजे?"

"मला कराडला जायचंय, वरद."

"का? बाबांना काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग?"

काकूंनी डोळे मिटले. "मला त्यांच्याजवळ राहायचंय."

पलीकडे वरद हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. "आई, काहीतरीच काय? या वयात..." आणि मग त्याचं त्यालाच कळलं असावं, तो थांबला. "एप्रिलपर्यंतचाच प्रश्न आहे. हवं तर बाबांना इकडे बोलावून घेऊ ना. मी उद्या तिकीट बघतो."

"ते तिथे कोंडतील. आणि तिथे आम्ही दोघं कुठे असणार रे? तिथे आम्ही ओजसचे आजी-आजोबा असणार."

मग फोन सलोनीने घेतला. तिच्या कडेवर ओजस असावा, त्याचं कुरकुरणं जवळून येत होतं.

"आई, मग मी काय करू?" तिचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं. "हा जॉब मला परत नाही मिळणार. तुम्हाला माहितीये मी किती इंटरव्ह्यू दिले ते. तुम्ही बघितलंय."

"बघितलंय."

"मग?"

"मला माहीत नाही, सलोनी," काकू म्हणाल्या. "मी आले तर तुझं भागतं. नाही आले तर माझं. दोघींचं भागेल असं काही मला सुचलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं."

"सहा महिने तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"नाही बोलले. चुकलंच माझं."

सलोनीने "ठेवते" असं न म्हणता फोन ठेवला.

काकू रडल्या. पांढऱ्या टॉवेलमध्ये तोंड घालून, आवाज न करता, लहानपणापासून सवय असल्यासारख्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथे ठेवून मला फार उपऱ्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी वाईट आहे का गं?" नाही म्हणायला हवं होतं. पण ओजसचं कुरकुरणं माझ्याही कानात होतं, आणि सलोनी मला धाकट्या बहिणीसारखी होती. मी म्हटलं, "चहा घ्या." शब्द मात्र त्यांनी फिरवला नाही.

वरद मुलगा म्हणून चांगला आहे. दुसऱ्याच दिवशी त्याने शांघाय-दिल्ली-पुणे तिकीट काढलं, आईला जपून जा म्हणाला, बाबांना कराड स्टेशनवर यायला सांगितलं. विमानतळावर काकूंनी मला ओजसचं सगळं सांगितलं, हिंग केव्हा लावायचं, टोपडं कुठल्या बाजूने बांधायचं. "सलोनीला सांगशील ना? माझ्याकडून म्हणून नको सांगूस, तुझं म्हणून सांग." ते मी तसंच केलं, तरी सलोनीला कुणाकडून आलंय ते कळलं.

सलोनीने कंपनीला एप्रिलात रुजू झाले तर चालेल का, असं विचारलं. कंपनीने फार सुंदर जपानीत दिलगिरी कळवली आणि दुसरं माणूस घेतलं. मग पाळणाघराचंही हुकलं, कारण आई नोकरी करत असेल तरच मूल घेतात. नोकरी नाही म्हणून पाळणाघर नाही, पाळणाघर नाही म्हणून नोकरी नाही. वरदला यातली फट सापडली नाही. काकूंचं सामान त्याने खोक्यात भरून कुणाबरोबर तरी पाठवून दिलं.

सलोनी बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती. त्या टेबलाशी मी "हो" म्हणून टाकलं असतं तर, असा हिशोब तिने मनात मांडला असणार. मीही मांडला होता. मग मे महिन्यात एकदा स्टेशनसमोर समोरासमोर आलो. तिच्या बाबागाडीत ओजस बसलेला, दोन दात आलेले. सकाळची वेळ होती, ऑफिसला जाणाऱ्यांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी चालला होता, आणि तिची नजर सारखी त्या बायकांच्या बुटांकडे जात होती.

"ताई, आईंशी बोलणं होतं का तुमचं?" तिने विचारलं. घरी कराडचा फोन आला की ती हल्ली दुसऱ्या खोलीत जायची, ते वरदने मला सांगितलं होतं.

"होतं कधीतरी."

"कशा आहेत?"

आदल्याच रविवारी मी फोन केला होता. तो लक्ष्मणरावांनी घेतला आणि म्हणाले, "आम्ही आत्ता निघालोय फिरायला, हिनं चपलासुद्धा घातल्यात, उद्या करा." मागून काकूंच्या हसण्याचा आवाज आला होता. सलोनीला यातलं काय सांगावं याचा मी विचार केला. ती माझ्याकडे बघत उभी होती.

"मजेत आहेत गं," मी म्हणाले.

"बरं आहे," सलोनी म्हणाली, आणि ओजसच्या पायांवरचं पांघरूण नीट करत बसली, ते नीटच होतं. काकू तिकडे झुरतायत असं मी सांगितलं असतं, तर त्या दिवशी तिला थोडं बरं वाटलं असतं.